सोन्याखालचे चित्र : ग्रंथाच्या कडेचा इतिहास

ग्रंथाचा विचार साहित्याच्या अभ्यासात बहुधा आतल्या मजकुरापुरताच केला जातो. संहिता, तिच्या आवृत्त्या, पाठभेद, तिचा वाचकवर्ग ह्यांची चर्चा होते; परंतु ज्या वस्तूच्या रूपाने ही संहिता वाचकाच्या हाती येते, ती वस्तू ग्रंथपालाच्या आणि बांधणीकाराच्या स्वाधीन करून अभ्यासक मोकळा होतो. मिटलेला ग्रंथ हा वस्तुतः सहा बाजूंचा ठोकळा आहे : दोन पुठ्ठे, एक कणा आणि पानांच्या तीन कडा. ह्या तीन कडांपैकी कण्याच्या समोरची, पुस्तक उघडताना अंगठा जिच्यावर प्रथम टेकतो, ती पुढची कड होय. ह्या कडेवर चित्र रंगवण्याची आणि पुढे ते चित्र सोन्याच्या वर्खाखाली दडवण्याची कला युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, काही शतके नांदली. पुस्तक मिटलेले असताना केवळ सोनेरी कड दिसावी आणि पाने किंचित कलती करताच तिच्या जागी नदीकाठ, भग्न मठ किंवा एखाद्या घराण्याचे कुलचिन्ह उमटावे, असे ह्या कडचित्रांचे स्वरूप असते.

संग्राहकांच्या दृष्टीने ही एक नवलाची वस्तू ठरली आणि नवलाची वस्तू म्हणूनच तिचा बराचसा इतिहास लिहिला गेला. तथापि ह्या इतिहासात ग्रंथाच्या स्थानासंबंधीचे काही गंभीर प्रश्न गुंतलेले आहेत. पुस्तक फळीवर कसे ठेवले जात होते, ते कोणाच्या मालकीचे होते, ते वाचण्यासाठी होते की दाखवण्यासाठी, आणि एकाच पुस्तकात दोन वेगळ्या काळांची कामे एकत्र आली तर त्या पुस्तकाचा काळ कोणता मानावा, ह्या प्रश्नांची उत्तरे कित्येकदा मजकुरापेक्षा कडेवर अधिक स्पष्टपणे सापडतात.

चित्र दिसेनासे होण्यात जादूचा भाग काहीच नाही. शिवून आणि कडा कातरून तयार झालेल्या पुस्तकाची पाने पत्त्यांच्या पिसाऱ्याप्रमाणे एका बाजूला कलती केली, की प्रत्येक पान शेजारच्या पानापेक्षा केसभर मागे सरते आणि त्याच्या समासाची अगदी अरुंद पट्टी उघडी पडते. छपरावरच्या कौलांच्या ओळींसारख्या ह्या शेकडो पट्ट्या मिळून एक सलग पृष्ठभाग तयार होतो. ह्या स्थितीत पुस्तक शिकंज्यात घट्ट धरून चित्रकार त्यावर जलरंगात चित्र काढतो. कुंचला जवळजवळ कोरडा ठेवावा लागतो, कारण रंग पातळ असला तर तो पानांच्या फटींतून आत उतरतो, पाने एकमेकांस चिकटतात आणि कागद सुरकुततो. रंग वाळल्यावर शिकंजा सैल केला, की पाने पूर्ववत सरळ होतात आणि रंगवलेल्या पट्ट्या एकमेकींखाली झाकल्या जातात. त्यानंतर मिटलेल्या कडेला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात देऊन सोन्याचा वर्ख बसवतात आणि तो अकीकाच्या दगडाने घोटून चकचकीत करतात. अशा रीतीने सोने असते कागदाच्या प्रत्यक्ष कडेवर, आणि चित्र असते कडेलगतच्या समासावर. काही चित्रकारांनी पाने दोन्ही दिशांना कलती करून एकाच कडेवर दोन चित्रे रंगवली. पाने डावीकडे झुकवली तर एक देखावा दिसतो, उजवीकडे झुकवली तर दुसरा.

ह्या तंत्रात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोणतेही एक पान वेगळे काढून पाहिले तर त्याच्या कडेला रंगाची एक अस्पष्ट रेघ तेवढी दिसते. तिच्यावरून चित्राची कल्पना येत नाही. सगळी पाने, त्यांच्या मूळ क्रमाने, मूळ शिवणीत बांधलेली असतील तरच चित्र अस्तित्वात येते. मजकुराचे एखादे पान गळाले तरी उरलेला मजकूर वाचता येतो. कडचित्र मात्र बांधणीशी एकजीव झालेले असते, आणि म्हणून त्याचा इतिहास हा बांधणीच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

भारतीय वाचकाला येथे पोथीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोथीची पाने सुटी असतात. तिला कणा नसतो, आणि कणा नसल्यामुळे ‘पुढची’ अशी कडही नसते. ताडपत्राच्या पोथीत पानांना भोके पाडून दोरी ओवलेली असते, कागदी पोथीत तीही नसते. अशा ग्रंथाचे सारे अलंकरण पानांच्या वरखाली ठेवलेल्या लाकडी पाट्यांवर आणि पोथी गुंडाळण्याच्या रुमालावर होते. जैसलमेरच्या भांडारातील बाराव्या शतकाच्या चित्रित जैन पाट्या ह्या परंपरेची साक्ष देतात. मोगल आणि दख्खनी दरबारांतील फारसी ग्रंथ शिवलेले असत; परंतु त्यांच्या चामडी बांधणीला पुढच्या कडेवर दुमडणारी एक झडप असे आणि ती कडेचे रक्षण करी. तेव्हा कडचित्राची कल्पना सुचण्यासाठी शिवलेला, उघड्या कडेचा आणि फळीवर उभा राहणारा ग्रंथ आवश्यक होता. तो युरोपात होता.

परंतु तेथेही ग्रंथ नेहमी आजच्यासारखे कणा पुढे करून उभे राहत नसत. मध्ययुगात आणि त्यानंतरही बराच काळ पुस्तकाचा कणा आत आणि कड बाहेर असे ठेवण्याची पद्धत होती. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये १६११ सालापासूनच्या लाकडी फडताळांत साखळदंडांनी बांधलेले ग्रंथ आजही ह्या पद्धतीने उभे आहेत. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूला अडकवलेली असल्यामुळे कण्याला आत जावे लागते. अशा ग्रंथालयात वाचकाला प्रथम दिसते ती कड. ग्रंथाचे नाव तिच्यावरच शाईने लिहिले जाई. श्रीमंत मालक तिला सोन्याचा मुलामा देत आणि तापवलेल्या हत्यारांनी तिच्यावर वेलबुट्टी उठवत. थोडक्यात, त्या काळी कड हाच ग्रंथाचा चेहरा होता.

ह्या चेहऱ्याला चित्रकाराने दिलेले सर्वांत संपन्न रूप इटलीत पाहावयास मिळते. व्हेनिसच्या उत्तरेस असलेल्या बेल्लुनो परिसरात पिल्लोने घराण्याचा ग्रंथसंग्रह होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ओदोरिको पिल्लोने ह्याने आपल्या संग्रहातील सुमारे १७० ग्रंथ चेझारे वेचेल्लिओ ह्या चित्रकाराकडून सजवून घेतले. वेचेल्लिओ हा थोर चित्रकार टिशन ह्याचा नातलग. जगातील विविध लोकांच्या वेशभूषेवरील १५९० सालच्या त्याच्या सचित्र ग्रंथामुळे तो विशेष ओळखला जातो. त्याने पिल्लोनेच्या ग्रंथांच्या कडांवर ग्रंथकारांच्या किंवा विषयांच्या आकृती रंगवल्या. ही चित्रे मिटलेल्या पुस्तकावर उघडपणे दिसत. फळीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला कोणता ग्रंथ कोठे आहे हे त्या आकृतींवरून उमगावे, असा त्यांचा उपयोग होता. येथे अलंकरण आणि सूची ह्यांत अंतर उरलेले नाही. पुढे, एकोणिसाव्या शतकात, हा संग्रह यॉर्कशरमधील सर टॉमस ब्रुक ह्या संग्राहकाकडे गेला. १९५७ साली पॅरिसचा ग्रंथविक्रेता पिएर बेरेस ह्याने त्याची सूची प्रसिद्ध केली आणि ग्रंथ निरनिराळ्या मालकांकडे विखुरले. एका फळीवर एकत्र उभे राहण्यासाठी ज्या कडा रंगवल्या होत्या, त्या आता एकेकट्या आहेत.

सतराव्या शतकात ग्रंथ हळूहळू फळीवर फिरला. कणा बाहेर आला, ग्रंथाचे व ग्रंथकाराचे नाव त्याच्यावर सोनेरी अक्षरांत येऊ लागले आणि कड भिंतीकडे तोंड करून अंधारात गेली. तिचे ओळख पटवण्याचे काम संपले. नेमक्या ह्याच संक्रमणकाळात इंग्लंडमध्ये अदृश्य होणारे कडचित्र अवतरते, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. असे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण १६४९ सालचे आहे. स्वाक्षरी आणि तारीख असलेले पहिले उदाहरण १६५३ सालचे. १६५१ साली छापलेल्या एका बायबलच्या कडेवर स्टीफन आणि टॉमस लुइस ह्यांनी रंगवलेले ते एका कुटुंबाचे कुलचिन्ह आहे. ज्या कडेने पूर्वी ग्रंथाचे नाव सर्वांना सांगितले, ती आता मालकाचे नाव, तेही केवळ जाणत्याला, सांगू लागली.

राजा दुसरा चार्ल्स १६६० साली गादीवर परतल्यावर सॅम्युएल मर्न हा राजाचा बांधणीकार झाला. १६८३ साली त्याचा मृत्यू झाला, तोपर्यंतच्या काळात त्याच्या नावाशी निगडित असलेल्या बांधणीतून इंग्रजी ग्रंथसजावटीचा एक उंच टप्पा गाठला गेला. सोनेरी कडेखाली फुले, राजचिन्हे आणि लहान प्रसंग रंगवण्याची पद्धत ह्या वर्तुळात रुळली. ह्याच राजाविषयी एक दंतकथा सांगितली जाते. दरबारातील एक डचेस राजाची पुस्तके वाचायला नेई आणि ती आपलीच असल्याचे भासवून परत करीत नसे. तेव्हा राजाने दरबारी चित्रकार पीटर लेली आणि बांधणीकार मर्न ह्यांच्याकडून पुस्तकांच्या कडेत गुप्त खूण करवून घेतली. पुढच्या वेळी डचेसने मालकी सांगताच राजाने पाने कलती केली आणि सोन्याखालून राजचिन्ह प्रकट झाले. कथा ऐतिहासिक मानण्याचे कारण नाही. परंतु दंतकथा बहुधा एखाद्या वस्तूकडून समाजाची कोणती अपेक्षा होती हे नेमके सांगतात. ह्या कथेतले चित्र सौंदर्यासाठी काढलेले नाही, ते हक्काचा पुरावा म्हणून काढलेले आहे. आरंभीची कितीतरी कडचित्रे कुलचिन्हांचीच असावीत, ह्याची संगती ह्या अपेक्षेशी लागते.

ह्या कलेचा दुसरा आणि अधिक प्रसिद्ध कालखंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स ह्या कापडउद्योगाच्या गावी सुरू होतो. विल्यम एडवर्ड्‌स हा तेथील ग्रंथविक्रेता आणि बांधणीकार. १८०८ साली त्याचे निधन झाले. त्याने आणि त्याच्या मुलांनी कडेवरून कुलचिन्ह बाजूला सारले आणि तेथे निसर्गदृश्य आणले. काही चित्रे तपकिरी वा करड्या छटांतील एकरंगी, तर काही पूर्ण रंगांतील. विषय बहुधा उद्यानातील वाडे, पूल, नदीकाठ आणि भग्न मठ. विल्यम गिल्पिन ह्याचे वाय नदीच्या प्रवासावरील पुस्तक १७८२ साली प्रसिद्ध झाले होते, आणि देखाव्याकडे चित्र म्हणून पाहण्याची सवय इंग्लिश सुशिक्षितांत रुजत होती. हातात मावेल एवढ्या पुस्तकाच्या बोटभर रुंदीच्या कडेत सामावलेला देखावा ही त्या सवयीची घरगुती आवृत्ती होती.

१७८४ साली विल्यमच्या जेम्स आणि जॉन ह्या मुलांनी लंडनमध्ये पॅल मॅल येथे दुकान काढले; पुढच्याच वर्षी जेम्सने बांधणीच्या एका नव्या पद्धतीचे पेटंट मिळवले. चर्मपत्र क्षाराच्या द्रावणात भिजवून व दाबून पारदर्शक करावे, त्याच्या आतल्या बाजूला चित्र काढावे, मागे पांढरा कागद लावावा आणि मग त्याने पुठ्ठा मढवावा, अशी ती पद्धत. चित्र डोळ्यांना दिसते, पण बोट त्याला लागत नाही. चर्मपत्र नष्ट झाल्याखेरीज चित्राला इजा पोहोचत नाही. कडेवरील चित्र सोन्याखाली, पुठ्ठ्यावरील चित्र कातड्याखाली. एडवर्ड्‌स घराण्याची ही दोन्ही कामे एकत्र पाहिली, की चित्र झाकण्यामागील एक साधा व्यावहारिक विचार उघड होतो. झाकलेले चित्र धूळ, उजेड आणि हाताचा मळ ह्यांपासून सुरक्षित राहते. दोनशे वर्षांनंतरही अनेक कडचित्रांचे रंग ताजे दिसतात, ह्याचे श्रेय ह्या अंधाराला आहे. राणी शार्लट हिच्यासाठी ह्या पद्धतीने बांधलेली, जॉन बास्करव्हिलने छापलेली प्रार्थनापुस्तिका ब्रिटिश लायब्ररीत आहे. ‘एट्रुस्कन’ म्हणून ओळखली जाणारी बांधणी ही ह्या घराण्याची आणखी एक देणगी. वासराच्या कातड्यावर आम्लाने छटा चढवून तिच्यावर प्राचीन ग्रीक कलशांवरील नक्षी उठवली जाई. त्या काळी हे कलश एट्रुस्कन लोकांचे समजले जात, म्हणून हे नाव. विल्यम हॅमिल्टन ह्याचा कलशसंग्रह ब्रिटिश म्युझियमने १७७२ साली घेतल्यापासून ह्या आकृतींचे वेड पसरले होते, आणि हॅलिफॅक्सच्या बांधणीकाराने ते चामड्यावर उतरवले.

ह्या घराण्याचा ग्रंथाशी असलेला संबंध केवळ धंद्याचा नव्हता. जेम्सने १७८६ साली पोर्टलंडच्या डचेसच्या संग्रहाच्या लिलावात ‘बेडफर्ड अवर्स’ हे पंधराव्या शतकातील पॅरिसचे चित्रित हस्तलिखित २१३ पौंडांना घेतले. आज ते ब्रिटिश लायब्ररीच्या भूषणांपैकी एक आहे. १८१६ साली मरण पावलेल्या ह्या माणसाने आपली शवपेटी आपल्या ग्रंथालयाच्या फळ्यांतून करावी अशी इच्छा व्यक्त केली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. साहित्याच्या अभ्यासकाला त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड अधिक महत्त्वाचा वाटेल. एडवर्ड यंग ह्याच्या ‘नाइट थॉट्स’ ह्या दीर्घ काव्याची भव्य आवृत्ती काढण्याचे त्याने योजले आणि चित्रांचे काम विल्यम ब्लेकवर सोपवले. जुन्या आवृत्त्यांची पाने मोठ्या कागदांच्या मध्ये बसवलेली होती. त्यांच्या भोवतालच्या रिकाम्या जागेत ब्लेकने ५३७ जलरंगचित्रे काढली. १७९७ साली पहिला भाग ४३ कोरीव चित्रांसह प्रसिद्ध झाला. त्याला यश लाभले नाही आणि योजना तेथेच थांबली.

एकाच घराण्यातून आलेले हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्हींत चित्राला जागा मिळते ती समासात. ब्लेकच्या पानावर समास मजकुराला वेढतो, त्याच्याशी वाद घालतो, क्वचित त्याच्यावर मात करतो. काव्य वाचताना चित्र टाळता येत नाही. कडचित्रात समासाचा शेवटचा केसभर भाग तेवढा चित्राच्या वाट्याला येतो, आणि मजकुराला त्याची दखल घ्यावी लागत नाही. येथे आणखी एक विशेष आहे. कडचित्र पाहायचे तर सगळी पाने एकत्र धरून कलती करावी लागतात. त्या अवस्थेत एकही पान वाचता येत नाही. वाचायला पुस्तक उघडावे, तर चित्र मोडते. वाचणे आणि पाहणे ह्या दोन क्रिया ह्या वस्तूत एकाच वेळी शक्यच नसतात.

मजकूर आणि चित्र ह्यांच्या नात्याचे म्हणून तीन प्रकार संभवतात. पहिल्यात चित्र ग्रंथाच्या विषयाशी जुळते. प्रार्थनापुस्तकावर धार्मिक प्रसंग किंवा जेम्स टॉमसनच्या ऋतुवर्णनपर काव्यावर शेतीचा देखावा येतो. दुसऱ्यात चित्र मालकाशी जुळते. त्याचा वाडा, त्याचे गाव किंवा त्याचे महाविद्यालय कडेवर येते. तिसऱ्या प्रकारात चित्राचा ना ग्रंथाशी संबंध असतो ना मालकाशी. लोकप्रिय देखाव्यांपैकी एखादा घेऊन तो कडेवर घातलेला असतो. उपलब्ध कडचित्रांत हा तिसरा प्रकार विपुल आहे. विल्यम कूपरची कविता, मिल्टन, स्कॉट, बायबल ह्यांच्या सुबक प्रती भेट देण्यासाठी घेतल्या जात. चित्र हे त्या भेटीचे मोल वाढवी. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील टेलर आणि हेसी ह्या संस्थेचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या अशा बांधणीशी जोडलेले आहे, आणि कीट्‌सचे ‘एन्डिमियन’ १८१८ साली प्रसिद्ध करणारी संस्थाही हीच. कवितेचे प्रकाशन आणि कवितेच्या पुस्तकाची दिवाणखान्यातील वस्तू म्हणून विक्री ह्या दोन गोष्टी एकाच दुकानात सुखाने नांदत होत्या. साहित्याच्या इतिहासात पहिल्या गोष्टीला प्रकरणे मिळाली. दुसरीला फारशी जागा मिळाली नाही. मात्र त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात कविता कोणत्या वाटेने शिरली हे समजून घ्यायचे तर तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकात ही कला तिसऱ्यांदा बहरली आणि येथे इतिहासकाराची खरी अडचण सुरू होते. चित्र हे पुस्तक बांधले जात असतानाच काढले पाहिजे असे बंधन नाही. सोनेरी कडेचे जुने पुस्तक घेऊन, पाने कलती करून, त्यांच्या समासावर शंभर वर्षांनीही चित्र काढता येते; सोने कडेवर असते आणि त्याला धक्का लागत नाही. जुन्या बांधणीची देखणी पुस्तके स्वस्तात मिळत होती आणि कडचित्र असलेल्या प्रतीला संग्राहक अधिक किंमत देत होते. परिणामी १७९० किंवा १८२० साली छापलेल्या पुस्तकांवरील पुष्कळ चित्रे प्रत्यक्षात फार पुढच्या काळातील आहेत. त्यांतील बहुतेकांवर ना स्वाक्षरी, ना तारीख. मुखपृष्ठाआतील सन पाहून विक्रेत्याने चित्राचाही तोच काळ सांगितला आणि सूचीकाराने तो उतरवून घेतला, असे वारंवार झाले.

सर्वांनीच काळ लपवला असे मात्र नाही. जॉन टी. बीअर हा हौशी संग्राहक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आपल्या स्वतःच्या संग्रहातील पुस्तकांच्या कडा रंगवीत असे. त्याचा हेतू विक्रीचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सदरन ह्या ग्रंथविक्रेत्यांसाठी मिस सी. बी. करी ही चित्रकर्ती काम करीत होती. ‘कॉसवे बांधणी’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पुस्तकांच्या चामडी पुठ्ठ्यात काचेखाली बसवलेली लघुचित्रे तिची आहेत. रिचर्ड कॉसवे ह्या अठराव्या शतकातील लघुचित्रकाराच्या नावावरून ही बांधणी ओळखली जाते, आणि तिची कल्पना सदरनच्या जे. एच. स्टोनहाउस ह्याची, बांधकाम रिव्हिएर आणि कंपनीचे. करीने रंगवलेल्या कडचित्रांना क्रमांक दिलेले असत आणि तसे निवेदन पुस्तकात जोडलेले असे. जुन्या पुस्तकावर नवे चित्र काढणे ह्यात अप्रामाणिकपणा नाही. तो शिरतो तो चित्राचा काळ पुस्तकाच्या काळामागे लपवताना. करीच्या क्रमांकित प्रतींमुळे हा फरक अगदी स्पष्ट होतो.

ह्या गोंधळात पहिली शिस्त आणली ती एका साहित्याच्या प्राध्यापकाने. अमेरिकेतील मेन राज्यातल्या कोल्बी कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवणारा कार्ल वेबर हा टॉमस हार्डीचा नामांकित अभ्यासक होता. १९४९ साली त्याने एक हजार एक कडचित्रांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६६ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. पाठचिकित्सेची सवय असलेल्या माणसाने हे काम करावे ह्यात आश्चर्य नाही. एखाद्या संहितेत मागाहून घुसलेला श्लोक ओळखावा तसेच हे काम आहे. चित्रातील पूल केव्हा बांधला गेला, त्यातील पोशाख कोणत्या दशकातील, पुस्तकावरील मालकांच्या नोंदींत चित्राचा उल्लेख कधीपासून येतो, एकाच हाताची चित्रे निरनिराळ्या काळांत छापलेल्या पुस्तकांवर सापडतात काय, असे प्रश्न विचारत काळ ठरवावा लागतो. पुस्तक १८०५ सालचे आणि चित्रातील वास्तू १८३० नंतरची असेल, तर निर्णय सोपा असतो. बहुतेक ठिकाणी तो इतका सोपा नसतो. वेबरचा नातू जेफ वेबर ह्याने कडचित्रकारांचा आणि बांधणीकारांचा कोश तयार केला, आणि अनामिक समजल्या गेलेल्या चित्रांमागचे हात ओळखण्याचे काम त्यामुळे पुढे गेले. बॉस्टन पब्लिक लायब्ररीत अल्बर्ट विगिन ह्यांनी दिलेला दोनशेहून अधिक कडचित्रांचा संग्रह आहे. त्याची छायाचित्रे आता कोणासही पाहता येतात, त्यामुळे दोन चित्रे शेजारी ठेवून हात ओळखणे अभ्यासकाला शक्य झाले आहे.

ह्या सगळ्याचा ग्रंथालयांशी थेट संबंध येतो तो जतनाच्या प्रश्नातून. कडचित्र पानाच्या कडेलगतच्या मिलिमीटरभर किंवा त्याहूनही अरुंद पट्टीत असते. जुन्या पुस्तकाची पुनर्बांधणी करताना कडा सरळ दिसाव्यात म्हणून यंत्राखाली त्या थोड्या छाटण्याची रीत सर्वत्र होती आणि अनेक ठिकाणी आजही आहे. त्या एका छाटणीत सोने जाते आणि चित्रही जाते. फाटलेले पान, गळालेला नकाशा ह्यांच्या खुणा मागे राहतात. छाटलेल्या कडचित्राची कोणतीही खूण उरत नाही. ते होते हे कोणाला ठाऊकच नसेल, तर हानी झाली हेही कळण्याचा मार्ग नाही. कडेवर ग्रंथालयाचा शिक्का मारण्याची आपल्याकडील परिचित पद्धतही येथे विचारात घ्यावी लागेल. शिक्क्याची शाई पानांच्या फटींत उतरते, आणि वर्खाखाली काही असेल तर ते डागाळते.

भारतात हा प्रश्न अगदीच परका नाही. १८०४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या लिटररी सोसायटीची परंपरा चालवणारी एशियाटिक सोसायटी, १८३६ च्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीचा वारसा लाभलेले कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, अशा संस्थांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी ग्रंथ मोठ्या संख्येने आहेत. अशा संग्रहातील सोनेरी कडेचे प्रत्येक जुने पुस्तक बांधणीला पाठवण्यापूर्वी एकदा हलक्या हाताने कलते करून पाहणे, एवढी खबरदारी घेणे अवघड नाही. मात्र वारंवार कलते करणेही अपायकारक असते. शिवणीवर आणि कण्यावर ताण येतो, पानांची कड झिजते. चित्र पाहण्याच्या हौसेनेच ते चित्र धारण करणारी बांधणी खिळखिळी होते. म्हणून एकदा योग्य आधार देऊन छायाचित्र घ्यावे आणि नंतर पुस्तकाला विश्रांती द्यावी, हेच शहाणपणाचे.

छायाचित्रणाचा उल्लेख केल्यावर एक मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. गेल्या काही दशकांत जगभरच्या ग्रंथालयांनी लक्षावधी जुन्या पुस्तकांची पाने यंत्राने टिपून ठेवली आहेत. मजकुराच्या दृष्टीने हे कार्य मोलाचे आहे. परंतु यंत्रापुढे पुस्तक पानापानाने उघडले जाते, आणि कडचित्र दिसते ते पुस्तक न उघडता, पाने कलती केली असता. टिपलेल्या प्रतीत प्रत्येक पानाच्या टोकाशी रंगाची पुसट रेघ आली तर आली. चित्र येत नाही. टिपलेली प्रत उपलब्ध आहे म्हणून मूळ प्रत निकालात काढण्याचा विचार जेथे होतो, तेथे ही गोष्ट विसरली जाऊ नये.

कलाही क्षीण झाली आहे. इंग्लंडमधील हेरिटेज क्राफ्ट्‌स असोसिएशनने २०१७ साली लोप पावत असलेल्या हस्तव्यवसायांची पहिली यादी तयार केली, तेव्हा कडचित्रकला तिच्यात अत्यंत धोक्यात असलेल्या व्यवसायांत गणली गेली. ससेक्समधील मार्टिन फ्रॉस्ट ह्यांच्यासारख्या एखाददुसऱ्या कारागिराने ती व्यवसाय म्हणून टिकवून धरली होती. नव्या कारागिरांनी ती शिकली तरी जुन्या चित्रांची जपणूक त्यामुळे होणार नाही. ती ग्रंथपालाच्या आणि सूचीकाराच्या हाती आहे.

सूचीतील नोंदीत ग्रंथाचे नाव, ग्रंथकार, प्रकाशनस्थळ, साल आणि पृष्ठसंख्या असते. बांधणीचा उल्लेख असेलच असे नाही. कडेचा तर क्वचितच. कडचित्र असलेल्या ग्रंथाच्या नोंदीत निदान तीन काळ यावयास हवेत : मजकूर छापला केव्हा, पुस्तक बांधले केव्हा आणि कड रंगवली केव्हा. ह्यांपैकी एखादा काळ निश्चित नसेल तर ती जागा रिकामी ठेवणे, शेजारच्या सालाने ती भरून काढण्यापेक्षा बरे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही शिस्त अनोळखी नाही. एका संहितेत अनेक हातांचे आणि अनेक काळांचे थर असतात, हे तो ज्ञानेश्वरीच्या प्रतींपासून लोकगीतांपर्यंत शिकत आलेला असतो. तेच थर कागद, चामडे आणि सोने ह्यांतही असतात, आणि ते वाचायचे तर पुस्तक उघडण्यापूर्वी क्षणभर ते मिटलेलेच हातात धरावे लागते.